चेहऱ्याचा दिवस

पहाटे ५.३०

गजर व्हायच्या आधीच जाग आली आणि पहिला विचार हाच आला, आज चेहरा आहे. शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्याच्या वर्षात असे दोनच दिवस असतात, ज्यांच्या आदल्या रात्री झोप धड लागत नाही. एक, नवी मुलं पहिल्यांदा डिसेक्शन हॉलचा उंबरा ओलांडतात तो. दुसरा हा. मधल्या महिन्यांत मुलं हात शिकतात, पाय शिकतात, छाती आणि पोट शिकतात. तेवढा सगळा काळ टेबलावरच्या देहाचा चेहरा ओल्या पांढऱ्या फडक्याखाली असतो. हात उघडताना मुलांना तो हातच वाटत असतो. फडकं निघालं की समोर माणूस असतो.

मार्चचा पहिला पंधरवडा संपलेला नाही, पण गच्चीवरची फरशी सकाळीच कोमट लागायला लागली आहे. भाकऱ्या थापता थापता दुपारच्या तासाचा क्रम मनात लावत होते. दुपारी मी मुलांना चित्रं दाखवणार आहे. अडीचशे वर्षांपूर्वीची, लंडनमधली, शवविच्छेदनाची थट्टा करणारी. चेहऱ्याच्या दिवशीच ती दाखवायची, असं मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं.

सकाळी ७.४५

मामा माझ्याआधी आलेले असतात. त्यांना कॉलेजात सगळेच मामा म्हणतात, प्राध्यापकसुद्धा. एक्झॉस्ट पंखे लावून ते दाराबाहेर थांबतात, म्हणजे रात्रभर कोंडलेली फॉर्मॅलिनची वाफ निघून जाते. उन्हाळ्यात ती डोळ्यांना जास्त झोंबते.

“मॅडम, फडकी पार विरली,” मामा म्हणाले. त्यांनी एक फडकं उजेडात धरून दाखवलं. मांजरपाट पिवळा पडला होता आणि मधोमध जाळी झाली होती. “आज तोंड उघडायचं. परत झाकायला तरी धड कापड पाहिजे.”

संध्याकाळी आणते म्हटलं.

मग आम्ही दोघं टेबलांवरून फिरलो. तीन नंबरवर एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचं नाव मला माहीत आहे, मुलांना नाही. त्यांनी बारा वर्षांपूर्वी देहदानाचा अर्ज भरला होता, आणि ते गेले त्या रात्री त्यांच्या मुलानं काही तासांच्या आत त्यांना इथं पोचवलं. मांडीच्या धमनीतून द्राव मीच सोडला. फॉर्मॅलिन, ग्लिसरीन, फिनॉल, स्पिरिट आणि पाणी असं मिश्रण उंचावर टांगायचं आणि ते धमनीवाटे अंगभर पसरेपर्यंत बसून राहायचं. मुलगा बाहेरच्या बाकावर पहाटेपर्यंत बसला होता.

पाच नंबरवरच्या माणसाचं नाव कुणालाच माहीत नाही. तो रेल्वेच्या फलाटावर आजारी सापडला, दवाखान्यात गेला, पोलिसांनी नातेवाईक शोधले, कुणी आलं नाही. कागदावर त्याच्यापुढे ‘अनोळखी पुरुष’ एवढंच आहे. वय अंदाजे. उजव्या हाताच्या तळव्याला इतके घट्टे आहेत की मुलांचं पातं तिथं अडलं होतं. आयुष्यभर काहीतरी घट्ट धरून ओढणारा किंवा उचलणारा माणूस असणार. एवढंच त्याच्या हातानं आम्हाला सांगितलं.

सकाळी ९.००

व्याख्यान. चेहऱ्याच्या नसा. फळ्यावर डोकं काढलं, पाच फांद्या काढल्या. मुलं वहीत उतरवत होती, पण लक्ष घड्याळाकडे होतं. मी पाच मिनिटं आधी सोडलं.

सकाळी १०.१५

फडकं मी काढते. हे काम मुलांकडे सोपवत नाही.

आधी सगळ्यांना टेबलापाशी उभं केलं, हातमोजे घालायला लावले. पहिल्या दिवशी घेतलेली शपथ पुन्हा म्हणवून घेतली. या देहाचा आदर राखू, इथलं काही बाहेर नेणार नाही, फोटो काढणार नाही. मग तीन नंबर, मग पाच नंबर. एक मुलगी दोन पावलं मागे सरली. तिला बाहेर पाणी प्यायला पाठवलं आणि मागोमाग मामांना पाठवलं. मामा अशा वेळी काही बोलत नाहीत, नुसते शेजारी उभे राहतात. दहा मिनिटांत ती परत आली आणि तिनं स्वतःहून चिमटा घेतला.

चेहऱ्याची कातडी सोलणं हे फार हलक्या हाताचं काम आहे. बाकी अंगावरचे स्नायू एका हाडावरून निघतात आणि दुसऱ्याला जाऊन मिळतात. चेहऱ्यावरचे बहुतेक स्नायू हाडावरून निघून थेट कातडीत शिरतात. म्हणून मनात काही हललं की इथली कातडी हलते, आणि म्हणूनच इथं घाईनं पातं फिरवलं तर कातडीबरोबर स्नायूही निघून येतो. मी मुलांना आपापला तळहात कानाखाली गालावर टेकवून पाचही बोटं पसरायला सांगते. चेहऱ्याची नस लाळग्रंथीतून अशीच पसरत बाहेर येते. एक फांदी कपाळाकडे, एक गालाच्या हाडाकडे, एक ओठांकडे, एक जबड्याच्या कडेनं, एक मानेत. दहा मुलं एका टेबलाभोवती गालावर हात ठेवून उभी राहिली की हॉलमध्ये वेगळीच शांतता येते.

साडेअकराच्या सुमारास गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरणारा पट्टा सापडला. करंगळीहूनही अरुंद.

“हा काय करतो?” मी विचारलं.

“ओठाचा कोपरा वर आणि बाहेर ओढतो.”

“म्हणजे?”

कुणीतरी हळूच म्हणालं, “हसतो, मॅडम.”

पाच नंबरवर कपाळाचं काम चालू होतं. भुवईच्या आतल्या टोकाशी, नाकाच्या मुळाजवळ एक बारीक धमनी वर चढते. ती सापडली तेव्हा मी सगळ्यांना त्या टेबलापाशी बोलावलं. या धमनीला एक गोष्ट आहे आणि ती आपल्या मुलखातली आहे.

इंग्रज आणि टिपू यांच्या लढाईत इंग्रज फौजेच्या बैलांमागे चालणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी होता. १७९२ मध्ये तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला. तो वर्षभर तसाच होता. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. तो वैद्य नव्हता, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता. त्यानं मेणाचं नाक करून ते कपाळावर सपाट पसरलं, त्या मापाची कातडी कापली, पण दोन भुवयांच्या मधला देठ कापला नाही. त्या देठावर कातडी फिरवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. त्या देठातून रक्त नेणारी हीच धमनी. पुस्तकात तिचं नाव आहे. ज्यानं ती न कापण्याचं शहाणपण दाखवलं, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता. त्यानं कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली. ती जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याच्या मनात रुतून बसली. त्यानं १८१४ मध्ये लंडनमध्ये याच रीतीनं नाक केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजही शल्यचिकित्सेत या रीतीला भारतीय रीत म्हणतात.

एका मुलानं पाच नंबरच्या भुवईजवळ चिमट्यानं ती धमनी उचलून धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

दुपारी १.००

डबा. भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. नवीन लोकांना वाटतं, हॉलमधून आल्यावर जेवण जात नसेल. मला उलट भूक लागते.

जेवताना दरवर्षी या दिवशी आठवतं ते आठवलं. मी पहिल्या वर्षाला होते. कॉलेजचं नाव सांगत नाही. चेहऱ्याचाच दिवस होता, शिकवणारे बाहेर गेले होते. एका मुलानं देहाच्या ओठांत अर्धी जळलेली विडी ठेवली. सगळे हसले. मीही हसले. ते हसू भीतीचं होतं हे मला नंतर कळलं, पण ज्याच्या ओठांत विडी ठेवली त्याला त्यानं काय फरक पडणार होता? तिथल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी पोछा खाली ठेवला, विडी काढली, पदरानं ओठ पुसले आणि परत फरशी पुसायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मी शिक्षक व्हायचं ठरवलं त्याच्या मुळाशी तो पदर आहे.

दुपारी २.००

नव्या अभ्यासक्रमात, म्हणजे २०१९ पासून, पहिल्या वर्षाला ॲटकॉमचे तास असतात. वृत्ती, नीती आणि संवाद शिकवण्यासाठी. त्यातला एक विषय आहे ‘शव, आपले पहिले शिक्षक’. बहुतेक ठिकाणी यात भाषण होतं. मी चित्रं लावते.

पहिलं चित्र विल्यम होगार्थचं, १७५१ सालचं. ‘क्रौर्याच्या चार पायऱ्या’ या मालिकेतलं चौथं. टॉम नीरो हा होगार्थनं कल्पिलेला माणूस. पहिल्या चित्रात तो लहान आहे आणि कुत्र्याचा छळ करतो. मोठेपणी घोड्याला बडवतो, मग खून करतो, फाशी जातो. चौथ्या चित्रात तो शल्यवैद्यांच्या टेबलावर आहे. गळ्यातला फास तसाच आहे. एक जण डोळा काढतो आहे, एक पोट, एक पाय. आतडी बादलीत पडताहेत. बाजूला कढईत हाडं उकळताहेत. खाली एक कुत्रा त्याचं काळीज चावतो आहे. भिंतीतल्या कोनाड्यांमध्ये दोन सांगाडे एकमेकांकडे बोट करून उभे आहेत. आणि टॉमचा चेहरा मेलेल्या माणसाचा नाही. तोंड वासलेलं, जणू तो ओरडतोय.

चित्र पडद्यावर आलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मी या हसण्याची वाटच पाहत असते.

“कशाला हसलास?”

मुलगा उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. “सॉरी, मॅडम.”

“सॉरी नको. चित्र हसवण्यासाठीच काढलंय. कशाला हसलास ते सांग.”

तो पडद्याकडे बघत राहिला. “आधी कुत्र्याला,” तो म्हणाला. “पण मग… त्या खुर्चीतल्या माणसाला.”

त्यानं बरोबर पकडलं होतं. मधोमध उंच खुर्चीवर मुख्य शल्यवैद्य बसला आहे. खुर्चीवर राजचिन्ह आहे, म्हणजे ती न्यायाधीशाची खुर्ची वाटते. त्याच्या हातात लांब काठी आहे. तो देहाला हात लावत नाही, बसल्या जागेवरून काठीनं दाखवतो. भोवतालचे पुढारलेले, टोप घातलेले लोक आपापसात गप्पा मारताहेत, वाचताहेत. एवढ्या गर्दीत टेबलावरच्या माणसाच्या तोंडाकडे कुणीच बघत नाही. होगार्थला रस्त्यावरचं क्रौर्य दाखवायचं होतं, ही चित्रं गरिबांनी बघावीत म्हणून त्यानं ती स्वस्तात छापली. पण शेवटच्या पायरीवर त्यानं शिकलेली माणसं बसवली. क्रौर्याची ती पायरी त्यांची आहे, असंच मी त्या चित्राचं वाचन करते. शिकवताना माझ्याही हातात काठी असते, हे मी मुलांना सांगते. म्हणून टेबलाजवळ मी ती नेत नाही, बोटानं दाखवते.

मग थोडा इतिहास सांगितला, कारण त्याशिवाय ही चित्रं कळत नाहीत. इंग्लंडमध्ये १५४० पासून न्हावी-शल्यवैद्यांच्या संघाला वर्षाला फाशी गेलेल्यांचे चार देह मिळत. अठराव्या शतकात लंडनमध्ये शरीर शिकवणाऱ्या खाजगी शाळा निघाल्या, शिकणारे वाढले, आणि चार देहांवर कुणाचंच भागेना. फाशीच्या जागी, टायबर्नला, मेलेल्याचे नातेवाईक आणि शल्यवैद्यांची माणसं देहासाठी अक्षरशः मारामाऱ्या करत. १७५२ पासून कायद्यानं खुन्याच्या शिक्षेतच शवविच्छेदन घातलं. म्हणजे चिरलं जाणं ही मरणावरची शिक्षा ठरली. जे ज्ञान आजाऱ्याला वाचवणार, त्याचं टेबल लोकांच्या मनात फासाच्या शेजारी जाऊन बसलं. तरीही देह पुरेनात, तेव्हा चोरी सुरू झाली. ताज्या कबरी उकरून देह विकणाऱ्यांची टोळकी झाली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी कबरींवर लोखंडी पिंजरे बसवले, पहारे ठेवले. गरिबांचे खड्डे उघडेच होते.

दुसरं चित्र १७७३ सालचं, विल्यम ऑस्टिनचं. एक शरीरशास्त्रज्ञ रात्री बाईचा देह टोपलीत घालून नेत होता, पहारेकऱ्यानं गाठला आणि तो टोपली टाकून पळतोय. हा पळणारा म्हणजे विल्यम हंटर, तेव्हाचा लंडनमधला नामांकित शिक्षक, राणीचा वैद्य. मुलं या चित्राला मोकळेपणानं हसली आणि मला ते आवडलं. ज्याच्यावर हसायला पाहिजे त्याच्यावरच हसली.

तिसरं चित्र १७८२ सालचं आहे आणि ते माझं सर्वात आवडतं. ते थॉमस रोलंडसनचं मानलं जातं. हंटरच्या ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरच्या संग्रहालयात कयामतीचा दिवस उगवला आहे. ज्यांचे अवयव तिथल्या बरण्यांत आणि फळ्यांवर होते, ते सगळे उठून उभे राहिले आहेत आणि आपापलं शोधताहेत. कुणाला आपला पाय पाहिजे, कुणाला डोकं. गर्दीत हंटरही आहे.

“मॅडम, यात हसण्यासारखं काय?” गंगाखेडची एक मुलगी म्हणाली. “ते तर आपलंच मागताहेत.”

तिला मी काहीच उत्तर दिलं नाही, कारण तिनंच ते दिलं होतं. तिथल्या लोकांची श्रद्धा अशी होती की शेवटच्या दिवशी देह उठणार, म्हणून तो अखंड पुरायचा. ज्याचा देह तुकडे होऊन बरण्यांत गेला, तो उठणार कसा? चित्रकार हंटरची थट्टा करतो, पण ज्या लोकांनी ते चित्र दुकानाच्या काचेत पाहिलं, त्यांना ती भीती खरी होती. हंटरचाच भाऊ जॉन. चार्ल्स बर्न नावाचा फार उंच आयरिश माणूस मरताना सांगून गेला होता, मला समुद्रात सोडा, त्याच्या हाती देऊ नका. १७८३ मध्ये तो गेला आणि जॉन हंटरनं त्याचा देह मिळवलाच. सांगाडा लंडनच्या संग्रहालयात दोनशेहून जास्त वर्षं उभा होता. २०२३ मध्ये संग्रहालय नव्यानं उघडलं तेव्हा तो प्रदर्शनातून काढला. एका माणसाचं ‘नको’ ऐकायला एवढा काळ लागला.

चोरीपाठोपाठ काय आलं तेही सांगितलं. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारून डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला विकली. त्यांचा पहिला देह आपल्या मरणानं मेलेल्या भाडेकरूचा होता, साडेसात पौंडांना. एवढ्या पैशाची चव लागल्यावर ते मरणाची वाट बघत थांबले नाहीत. बर्क १८२९ मध्ये फाशी गेला आणि त्याच शहरात त्याचंही विच्छेदन झालं. मग १८३२ चा कायदा आला. खुन्यांचं विच्छेदन थांबलं, आणि त्यांच्या जागी गरीबखान्यांत आणि दवाखान्यांत मेलेले, कुणी न मागितलेले गरीब आले.

आपला कायदा याच वळणावरचा आहे. मुंबई राज्यात तो १९४९ मध्ये झाला. तेव्हा आमची परभणी हैदराबाद राज्यात होती. आज सगळ्या महाराष्ट्रात तो लागू आहे आणि बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना त्याच्याखाली मिळतात. पाच नंबर तसाच आला. कायद्यानं सगळं नीट आहे. पण तीन नंबरला कुणीतरी विचारलं होतं आणि पाच नंबरला कुणीच विचारलं नाही, एवढा फरक या हॉलमध्ये आजही आहे. होगार्थच्या टेबलापासून आपण खूप लांब आलो आहोत, हे मी मनापासून मानते. तरी ज्याला नाही म्हणायला कुणी उरलं नाही, तोच टेबलावर येतो, ही गोष्ट संपेपर्यंत ही चित्रं माझ्या तासातून जाणार नाहीत. २०२३ साली परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी इथली मुलं नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगरला जात. आता जिल्ह्यात डॉक्टर घडणार, तर त्यांना शिकवणारे देह कुठून येणार, हा प्रश्नही जिल्ह्याचाच आहे.

शेवटी कावसजी दाखवला. डोक्याला मुंडासं, कपाळावर जखमेची खूण, आणि त्याखाली नवं नाक. त्याच लंडनमध्ये, त्याच शतकात छापलेलं चित्र. वर्गात कुणी बोललं नाही. सकाळी धमनी धरून उभा राहिलेला मुलगा पुढे झुकून बघत होता.

दुपारी ३.५०

माझ्या खोलीबाहेर दोघं थांबलेले. एक म्हातारे, पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ, हातात कापडी पिशवी. बरोबर चाळिशीचा मुलगा. पूर्णा तालुक्यातून आलेले. देहदानाचा अर्ज पाहिजे होता.

मी अर्ज काढला आणि नेहमीचं सांगितलं. जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. मृत्यूनंतर लवकरात लवकर कळवायचं. अपघात झाला, शवचिकित्सा झाली, काही संसर्गाचे आजार असले, तर देह घेता येत नाही. नेत्रदान आधी करता येतं. मुलगा ऐकत होता, पण त्याची नजर खाली होती.

म्हातारे म्हणाले, “माय, एक इचारू का?”

“विचारा ना बाबा.”

“पोरं हासत्यात का?”

लोक विचारतात ते प्रश्न मला पाठ आहेत. किती दिवस ठेवता, कापता म्हणजे काय करता, मग काय होतं. हा प्रश्न मला याआधी कुणी विचारला नव्हता. नाही म्हणणं सोपं होतं. मी त्यांना विडीची गोष्ट सांगितली, मावशींच्या पदराची सांगितली, आणि आज दुपारी एक मुलगा कुणाला हसला तेही सांगितलं. हॉलच्या दारावर मी असते, मामा असतात, आणि तिथं हसणारं मूल माझ्यापर्यंत आल्याशिवाय राहत नाही, एवढा शब्द दिला. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांनी चष्मा काढून अर्ज जवळ धरला.

मग मुलगा पहिल्यांदा बोलला. “आन् मॅडम, मग गंगंत काय सोडायचं?”

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या अस्थी गंगाखेडच्या घाटावर जातात. हंटरच्या संग्रहालयातले मेलेले आपापला पाय शोधत होते, आणि माझ्यासमोर हा माणूस बापाच्या अस्थींचं विचारत होता. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. हाडं मुलांच्या शिकण्यासाठी राहतात, उरलेल्यावर इथंच नीट अंत्यसंस्कार होतात, असं मी सांगितलं. मग सुश्रुताचं सांगितलं. सुश्रुतसंहितेत लिहिलंय की शरीर शिकायचं तर देह मुंज गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचा आणि वाहत्या पाण्यात सोडायचा, सात रात्री. मग वाळ्याच्या कुंचल्यानं एकेक थर हळूहळू सोडवत बघायचा.

“म्हंजी आधीच गंगंत,” म्हातारे म्हणाले.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मी जेरेमी बेंथमचंही सांगणार होते. हा इंग्रज विचारवंत १८३२ च्या जूनमध्ये गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे तीन दिवसांनी त्याच्या मित्रानं सगळ्यांसमोर त्याचं विच्छेदन केलं. ज्या काळात चिरणं ही शिक्षा होती, त्या काळात त्यानं ते मागून घेतलं. पण पाहिलं तर म्हातारे गळ्यातली माळ चाचपत होते. ते मुलाकडे वळले.

“ही माळ सोड गंगाखेडला. चाळीस वर्सं गळ्यात हाय. त्येच माझ्या अस्थी समज.”

मुलानं तोंड फिरवलं, रुमाल काढला. मग सही केली. साक्षीदार म्हणून दोन माणसं लागतात. मी मामांना बोलावलं. मामांनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली.

संध्याकाळी ५.१५

हॉल आवरला. कात्र्या, चिमटे, पाती मोजली. पाच नंबरच्या कपाळावर ती धमनी मोकळी होती, पांढऱ्या दोऱ्याएवढी. मामांनी जुनी फडकी ओली करून चेहऱ्यांवर टाकली. पाच नंबरच्या फडक्याला नेमकी ओठांवर जाळी होती. मामांनी ते फिरवून घातलं, मग जाळी कपाळावर आली, मग काढून त्याची दुहेरी घडी केली.

नोंदवहीत आजचं लिहिलं. टेबल क्रमांक, भाग, तारीख. तीन नंबरपुढे एक सांकेतिक आकडा आहे आणि तो उघडला की नाव निघतं. पाच नंबरपुढेही आकडा आहे.

संध्याकाळी ६.४०

घरी जाताना कच्छी बाजारात गाडी उभी केली. कापडाच्या दुकानात मांजरपाट मागितला. दुकानदार चाचांनी दोन ठाणं फळीवर टाकली, एक जाडसर, एक तलम.

“कितना होना?”

चार मीटर म्हटलं, आणि भाव विचारला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे.

“कफन के लिए होना क्या, बेटा?”

मी थोडं थांबून हो म्हटलं.

“फिर भाव नहीं पूछना. जो देना है सो देव.” त्यांनी जाडसर ठाण बाजूला सारलं, तलम पुढं ओढलं आणि गजानं मोजायला लागले. चार मीटरवर खूण केली, वर एक वीतभर जास्तीचं सोडलं आणि कापड सरळ रेषेत फाडलं.